साखळीचा ग्लास

चौथा ग्लास गेला त्या सकाळी अब्बांनी चहा अर्धवट सोडला. आमच्या घरात हा मोठा इशारा समजला जातो.

"पाणी फुकट, तेही थंडगार," ते म्हणाले. "वर ग्लासही घेऊन जातात. उद्या कूलर डोक्यावर ठेवून चालते होतील."

"साधा स्टीलचा ग्लास आहे, अब्बा."

"साधा असो नाहीतर सोन्याचा. तिच्या नावाचा आहे."

ती म्हणजे अम्मी. तिला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या भाईजाननी पाण्याचा कूलर पाठवला आणि आम्ही तो फाटकाबाहेर भिंतीला लागून बसवला. सदका-ए-जारिया, म्हणजे माणूस गेल्यावरही त्याच्यासाठी चालू राहणारं पुण्य. तहानलेल्याला पाणी पाजण्यासारखं दुसरं दान नाही, असं मौलवीसाहेबांनी सांगितल्यापासून अब्बांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं होतं. इथे कुणी घोट घेतला की तिथे अम्मीला काहीतरी पोचतं. त्यामुळे ग्लास पळवणारा माणूस त्यांच्या लेखी भुरटा चोर नव्हता. तो थेट अम्मीच्या ताटातलं उचलून नेत होता.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. महिन्यातून एकदा कूलरचा नमुना घेऊन जायचे आणि संध्याकाळी अब्बांना निकाल सांगायचे. जंतू नाहीत, क्षार मर्यादेत, गढूळपणा नाही.

"म्हणजे पोचतंय ना तिला?" ते दर वेळी विचारायचे.

"ते आमच्या यंत्रात येत नाही, अब्बा."

"मग एवढं शिकून काय उपयोग?"

अब्बांनी चाळीस वर्षं कुलपांचं दुकान चालवलं. जगातल्या सगळ्या अडचणींवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, आणि ते त्यांनी त्याच दुपारी काढलं. पाचव्या ग्लासाला कडी झाळून तिच्यात साखळी अडकवली आणि साखळी कूलरच्या पायाला कुलूप लावून बांधली. कुलूप त्यांनी स्वतः घडवलेलं, दुकानातलं शेवटचं. साखळी एक वीत लांब. मी पट्टी लावून मोजली नाही, पण बावीस सेंटिमीटरच्या वर नक्कीच नव्हती.

"अब्बा, एवढ्यात ग्लास तोंडापर्यंत येणार नाही."

"लांब ठेवली की पिळून तोडतात. मला शिकवू नकोस."

"मग प्यायचं कसं?"

"तहान लागलेला माणूस वाकतो," अब्बा म्हणाले, आणि राहिलेला चहा प्यायला आत गेले.

यात सगळा दोष अब्बांचा होता असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सगळ्यांच्या तोंडाला लागणारा ग्लास रोज बघून माझाच जीव वर-खाली होत होता. मी प्रयोगशाळेतल्या सवयीने एक कागद छापला, प्लॅस्टिकमध्ये घातला आणि कूलरवर चिकटवला. 'नळाला हात लावण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. ग्लास ओठांना न लावता वरून पाणी प्यावे.' एक वीत साखळीत कंबरेत वाकलेल्या माणसाने वरून पाणी कसं प्यावं, हा प्रश्न मला पडला नाही. मी विज्ञानाची पदवीधर आहे.

पुढच्या आठवड्यात भाईजान आले. कूलरखाली चिखल बघून त्यांनीही पाटी लावली. 'हे पाणी फक्त पिण्यासाठी आहे. येथे हातपाय धुऊ नयेत.' भाभींनी अम्मीच्या नावाची संगमरवरी पाटी आणली होती, ती सर्वांत वर बसली. आणि जाण्याआधी भाईजाननी फाटकावर कॅमेरा लावला. तो त्यांच्या फोनला जोडलेला होता. चारशे किलोमीटरवर बसून ते आमच्या दारात पाणी पिणारी माणसं बघायचे आणि घरच्या ग्रुपवर कळवायचे. 'निळ्या शर्टवाल्याने बाटली भरून नेली.' 'या बाई आज दुसऱ्यांदा आल्या.'

"तुम्हाला कार्यालयात काही काम नसतं का?" मी एकदा विचारलं.

"कुणीतरी लक्ष ठेवायला नको?" भाईजान म्हणाले. "तुम्ही दोघं तिथे असून नसल्यासारखे."

महिनाभर एकही ग्लास गेला नाही. अब्बा खूश होते. मग एका सकाळी टाकी भरताना माझ्या लक्षात आलं की ती भरायची फारशी गरजच नाही. पूर्वी चाळीस लिटरची टाकी दिवसातून दोनदा रिकामी व्हायची. आता तीन दिवस झाले तरी निम्मी होती, आणि ऊन तर रोज वाढत होतं. मी अब्बांना आकडे सांगितले.

त्यांनी टाकीचं झाकण उचलून आत बघितलं. "लोकांची तहान कुठे गेली?"

"तहान असेल तिथेच आहे. लोक गेले."

"कुणी पीतच नसेल तर तिला काय पोचणार?" हे त्यांनी मला विचारलं नव्हतं, तरी मी मान खाली घातली.

त्याच दुपारी भाईजाननी कॅमेऱ्यातले तुकडे पाठवले. चार दिवस, रोज साधारण एकाच वेळी, एक माणूस कूलरपाशी आला होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत काळे हात, खांद्याला लोखंडी आकडा. आमच्या रस्त्याची गटारं साफ करणारा माणूस. तो पाट्यांसमोर उभा राहायचा, कॅमेऱ्याकडे बघायचा आणि निघून जायचा. खाली भाईजाननी लिहिलं होतं, 'हाच. टेहळणी करतोय.'

"मला पहिल्यापासून वाटत होतं," अब्बा म्हणाले.

"पहिल्यापासून तुम्हाला दूधवाला वाटत होता."

"दूधवाला वेगळा. तो बघ, आकडा घेऊन फिरतो. त्या आकड्याने साखळी एका झटक्यात जाईल."

"मग चार दिवसांत का नाही गेली?"

अब्बांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर भट्टी पेटलेली, आणि ते सत्तरीच्या घरातले. मी ओढणीची टाचणी नीट केली आणि त्यांच्या मागे धावले. माझ्या आयुष्याचा निम्मा भाग अब्बांच्या मागे धावण्यात गेला आहे.

तो माणूस कोपऱ्यावरच्या गटाराच्या झाकणाजवळ भिंतीला टेकून बसला होता. शेजारी बागेला पाणी घालायचा जाड नळ जमिनीतून वर आलेला. दोन्ही तळव्यांत धरलेली प्लॅस्टिकची बाटली त्याने तिथे भरली होती आणि आता तो ती तोंडाला लावत होता.

अब्बा तोंड उघडणार, त्याआधी मीच बोलले. "ते पिऊ नका. ते पिण्याचं पाणी नाही."

त्याने बाटली खाली केली. "माहितीये, ताई. सांडपाणी गाळून सोडतात, झाडांसाठी. त्याच्या वाहिन्या मीच साफ करतो."

"मग का पिता? आमच्या दारात पाणी आहे."

"इथे पाटी नाही," तो म्हणाला.

अब्बा पुढे झाले. "पाटीत काय लिहिलंय? पाणी पिऊ नका असं लिहिलंय?"

"नाही चाचा. एक पाटी म्हणते हात धुतल्याशिवाय नळाला हात लावू नका. दुसरी म्हणते इथे हात धुऊ नका." त्याने दोन्ही काळे हात पुढे धरले. "चार दिवस येऊन वाचतोय. म्हटलं माझंच काही चुकत असेल, मी सातवीपर्यंतच शिकलोय."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. दोन नियम, दोन्ही माझ्या घरातले, एकत्र पाळणं अशक्य. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर मी वही परत केली असती.

"हाक मारायची," अब्बा म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"कुणाला, चाचा? कॅमेऱ्याला?" त्याने बाटलीतलं पाणी शांतपणे मातीत ओतलं. "पूर्वी हाक मारावी लागायची नाही. तुमच्या घरातल्या अम्मी झाकण उघडल्याचा आवाज ऐकून स्वतः यायच्या. आधी हातावर पाणी घालायच्या. मग ग्लास द्यायच्या, काचेचा, घरातला. आणि मी पीत असेपर्यंत तिकडे रस्त्याकडे बघत उभ्या राहायच्या. मला पहिल्यांदा वाटलं, कुणाची वाट बघतायत."



मला ती आठवली. दारात आलेल्या कुणालाही काही देताना अम्मी मान वळवायची. लहानपणी मी विचारलं होतं, त्यांच्याकडे बघत का नाहीस? ती वैतागून म्हणाली होती, "खाणाऱ्याच्या तोंडाकडे काय बघायचं? अल्लाह तुला रोज देतो, तो बघत बसतो का तू किती घास खाल्लेस?" मग जरा थांबून, "आदमच्या लेकरांना इज्जत त्याने दिलीये. आपण पाणी द्यायचं, ती काढून घ्यायची नाही." तेव्हा मला दामटून अभ्यासाला बसवायचं होतं म्हणून ती घाईत होती. मी अभ्यासाला बसले, एवढंच लक्षात राहिलं.

"चला," अब्बा त्या माणसाला म्हणाले. "उठा."

कूलरपाशी आल्यावर अब्बांनी कुडत्याचे दोन्ही खिसे चाचपले. मग पुन्हा चाचपले.

"किल्ली?" मी विचारलं.

"असेल घरात."

"कुठे?"

"ठेवलीये सुरक्षित जागी. जागा आठवत नाहीये." ते उकिडवे बसले. "टाचणी दे."

मी ओढणीची टाचणी काढून दिली. चाळीस वर्षं लोकांची दारं उघडणारा माणूस स्वतःच्या कुलपाशी झटू लागला. घाम नाकावरून टपकत होता. मी नळ सोडला आणि तोवर त्या माणसाच्या हातांवर पाणी घातलं, साबण आणून दिला, पुन्हा पाणी घातलं. चिखल भाईजानच्या पाटीखालून वाहत गेला. माझा फोन लगेच वाजायला लागला. मी तो बंद केला.

"कुणी बनवलंय हे," अब्बा दात खात म्हणाले.

"तुम्हीच."

"म्हणूनच उघडत नाहीये."

"चाचा, आकडा लावू का?" तो माणूस म्हणाला. "एका झटक्यात जाईल."

अब्बांनी मान वर केली. "आजवर माझं कुलूप कुणी तोडलेलं नाही."

"मग राहू द्या. मी वाकून पितो." त्याने खरंच एक हात गुडघ्यावर टेकला. त्याची पाठ अर्ध्यातच अडली आणि तोंडातून बारीक आवाज निघाला. दिवसभर गटारात ओणवं राहणाऱ्या माणसाची पाठ.

"थांबा," अब्बा म्हणाले. ते उठले आणि बाजूला सरकले. "तोडा."

आकडा साखळीत गेला. कुलूप टिकलं, साखळीही टिकली. कूलरचा पायाच वाकला आणि साखळी खालून सुटून आली.

"बघा," अब्बा मला म्हणाले, "कुलूप नाही तुटलं." एवढं त्यांना लागतंच.

त्यांनी ग्लास भरला. लोंबकळणाऱ्या साखळीसकट तो त्या माणसासमोर धरला आणि लगेच रस्त्याकडे तोंड फिरवलं. देणारा एकीकडे बघतोय, घेणारा हात पुसतोय. अर्धं पाणी बुटात गेलं.

"चाचा, हातात देईपर्यंत तरी बघा," तो म्हणाला. "अम्मी पिताना तिकडे बघायच्या."

अब्बांनी पुन्हा भरला. या वेळी नीट हातात दिला आणि मग मान वळवली. मीही वळवली. समोर एक बंद दुकान होतं आणि एक कुत्रा सावलीत झोपला होता. आम्ही दोघं त्याच्याकडे टक लावून उभे राहिलो. मागून घोटांचा आवाज आला, थांबला, पुन्हा नळ सुटला. किती ग्लास झाले ते मी मोजलं नाही.

संध्याकाळी भाईजाननी फोन करून विचारलं की कॅमेऱ्याला काय झालंय, सगळं काळं दिसतंय. त्यावर टोपी घातलीये, असं अब्बांनी सांगितलं. कुणी घातली? मी घातली. का घातली? उन्हाची. दोघं पंधरा मिनिटं भांडले.

पाट्या मी काढल्या. संगमरवरी पाटी अब्बांनी उतरवून अम्मीच्या कपाटात ठेवली. नळाला हात न लावता पाणी कसं सोडायचं याचा मी दोन दिवस विचार करत होते, आणि तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत हात धुताना माझ्याच पायाकडे लक्ष गेलं. अकरा वर्षं मी पायाने दाबायच्या नळावर हात धुतेय. तसाच एक कूलरला बसवून घेतला. खाली चिखल होऊ नये म्हणून अब्बांनी पन्हळ केली, आणि ती गटाराला नीट जोडली आहे ना, हे त्या माणसाने येऊन तपासलं. नाही, असं सांगून त्याने ती पुन्हा जोडली. त्यावरही अब्बांनी वाद घातला.

टाकी पुन्हा दिवसातून दोनदा भरावी लागते. आठवड्यातून एकदा ग्लास जातो.

काल पुन्हा गेला. अब्बा रिकाम्या जागेसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. मला वाटलं, आता साखळी.

"माणसं आहेत की कोण आहेत," ते पुटपुटले. मग आत गेले, स्वयंपाकघरात भांडी वाजली, आणि ते अम्मीचा काचेचा ग्लास घेऊन आले.

"अब्बा, हा दुपारपर्यंतही राहणार नाही."

"मग दुपारी दुसरा ठेव. सहा होते, अजून पाच आहेत." त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि कूलरवर ठेवला. "आणि तुझ्या भावाला यातलं काही सांगू नकोस. लगेच चौकशी करत बसेल."