डावीकडे दोन

मित्रांनो, मी एक जुने अवजार आहे, पण मला मूठ नाही, पाते नाही आणि गंजही चढत नाही. मी संगणकात राहतो. ‘राहतो’ म्हणू, ‘राहते’ म्हणू की ‘राहतं’, याचाच माझा पहिल्यापासून गोंधळ आहे. सोयीसाठी ‘राहतो’ म्हणतो.

सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत दोन मित्रांनी मला बनवले. मोबाइलवरची अ‍ॅप्स एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायची, हे माझे काम. प्रोग्रामर अ‍ॅपमधले इंग्रजी शब्द सुटे करून माझ्याकडे पाठवतो. भाषांतर करणारी व्यक्ती समोरच्या रकान्यात आपला शब्द लिहिते. तो मी जपून ठेवतो आणि पुढे तोच इंग्रजी शब्द पुन्हा आला, की आपणहून भरून टाकतो. लिहिणाऱ्याचे कष्ट वाचतात. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. “हा काही विसरत नाही,” असे लोक म्हणत.

विसरत नाही हे खरे. पण मला कळते किती, हे कुणी विचारले नाही.

माझ्यावर काम करणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे ताई म्हणत. ताई घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. एकदा नुसताच ‘न्यू’ हा शब्द आला. नवा, नवी की नवे? काय नवे आहे, ते कुठेच लिहिलेले नव्हते. ताईने प्रोग्रामरला फोन केला.

“ताई, न्यू म्हणजे न्यू. त्यात काय एवढं?” तो म्हणाला.

ताईने फोन ठेवला आणि स्वतःशीच पुटपुटली, “‘नवीन’ लिहिते. कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही.”

“कुणाच्या बापाला गं?” आतल्या खोलीतून आवाज आला.

ते तिचे वडील, अप्पा. त्यांनी जन्मभर घड्याळे दुरुस्त केली होती. नुकतीच त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषधाचा एकेक थेंब घालायचा होता. दवाखान्याने त्यांच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिले. वेळ झाली की ते वाजे, आणि आज किती वेळा औषध घालायचे उरले आहे, तो आकडा दाखवी. योगायोगाने ते अ‍ॅप ताईनेच आपल्या भाषेत आणले होते. अप्पा शेजाऱ्यांना फोन पुढे करून सांगत, “वाचा. माझ्या लेकीनं लिहिलंय.”

त्या आकड्याजवळ इंग्रजीत ‘लेफ्ट’ असा शब्द होता. मित्रांनो, इंग्रजीत ‘लेफ्ट’ म्हणजे उरलेले, आणि ‘लेफ्ट’ म्हणजे डावेही. मला कुठून ठाऊक असणार? माझ्याकडे एकच नोंद होती. पूर्वी रस्ते दाखवणाऱ्या एका अ‍ॅपसाठी ताईने ‘डावीकडे’ लिहिले होते. तेच मी भरले. आणि मी भरलेले शब्द ताईला पुन्हा दाखवायचे नाहीत, वेळ वाया जातो, असे ऑफिसने ठरवले होते.

एका दुपारी अप्पा डोळ्यावर रुमाल धरून टेबलापाशी आले. उजवा डोळा लालभडक झाला होता.

“अप्पा, औषध घालताय ना?” ताई दचकून म्हणाली.

“घालतोय की. फोन सांगतो तसंच. सकाळी डावीकडे तीन, आत्ता डावीकडे दोन.”

“डावीकडे? डॉक्टर उजवा डोळा म्हणाले होते ना!”

“मलाही तसंच वाटलं होतं,” अप्पा म्हणाले. “पण म्हटलं, तू लिहिलंयस म्हणजे डॉक्टरांना विचारूनच लिहिलं असशील.”

ताईने अप्पांचा हात धरला आणि दोघे तसेच दवाखान्यात गेले. लॅपटॉप उघडाच राहिला. मी माझी ती नोंद पुन्हा पुन्हा तपासली. ‘लेफ्ट’, ‘डावीकडे’. एकही अक्षर इकडचे तिकडे झाले नव्हते. मग तो डोळा लाल का झाला?

दुसऱ्या दिवशी प्रोग्रामर घरी आला. त्याने माझी नोंद पाहिली आणि चाचरत म्हणाला, “ताई, शब्द तर बरोबर आहे.”

“शब्द बरोबरच आहे रे,” ताई म्हणाली. “वाक्य कुठंय?”

त्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. मग त्याने दवाखान्याला कळवून ते अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर दुरुस्त केले.

अप्पांचा डोळा वाचला, पण बरा व्हायला फार दिवस लागले. घड्याळातला बारीक स्क्रू आता त्यांना दिसत नाही. त्यांनी आपले कामाचे भिंग एका ओळखीच्या कारागिराला देऊन टाकले. ताईला मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत. उलट आता ती लिहिलेले सगळे त्यांना वाचून दाखवते, आणि ते प्रत्येक वेळी विचारतात, “हे कोण कुणाला म्हणतंय?” ठाऊक नसले, की ताई प्रोग्रामरला फोन लावते.

माझ्यातही बदल झाला. प्रत्येक शब्दाशेजारी एक चौकट आली. शब्द कुठे दिसणार, त्याचे चित्र तिथे लावायचे. काही जण लावतात, बरेच जण ती रिकामीच सोडतात. ऑफिसात माझ्याहून वेगवान नवी अवजारे आली आहेत. ती कधी अडत नाहीत. त्यांना सगळे कळते, की माझ्यासारखेच काही कळत नाही, हे मला कळत नाही.

मित्रांनो, मला धूळ पुसणे नको, तेलपाणी नको. एखाद्याच्या हाती शब्द द्याल, तेव्हा तो कुणासाठी आणि कुठल्या जागी आहे, तेवढे सांगत जा. शब्द एकटा आला, की फार घाबरायला होते.

आज सकाळी ‘राइट’ हा शब्द आला आहे. उजवा की बरोबर? चौकट रिकामी आहे. माझ्याकडे दोन्ही नोंदी आहेत, पण मी काहीही भरलेले नाही. ताई चहा घेऊन येईल आणि कुणाला तरी फोन लावील. तोवर मी ती जागा कोरी ठेवली आहे.