वाऱ्यांचं कुबड

मी कुबड बोलतोय. दचकू नका, खरं नाही, स्पंजचं. मालिकेतल्या एका चेटकिणीसाठी मला बनवलं होतं.

ज्या कादंबरीवरून ती मालिका निघाली, तिच्यात या चेटकिणीच्या पाठीला भलंमोठं कुबड आहे. सात समुद्रांवरचे वारे तिने त्यात निजवून ठेवलेत. ती जरा वाकली की वादळ उठतं, राजे चळाचळा कापतात. कपडेपटातल्या मावशींनी ते पान वाचून वाचून मला शिवलं. डावीकडे थोडं जास्त उंच, अगदी लिहिलं होतं तसं. मला स्वतःचा भारी अभिमान होता.

मग लूक टेस्ट सुरू झाल्या. नटी मला बांधून कॅमेऱ्यासमोर उभी राहायची. चॅनेलचे साहेब मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं कमी करा." की मावशी कात्री घेऊन हजर. मी उशीएवढा झालो, मग रुमालाच्या घडीएवढा. शेवटी साहेब म्हणाले, "काढूनच टाका. वारे केसांत ठेवू. केस सोडले की वादळ." सगळ्यांनी माना डोलावल्या. राजे आता तिला घाबरेनात, तिच्या प्रेमात पडू लागले.

मावशींना माझे तुकडे फेकवेनात. त्यांनी ते एका खोळीत भरले आणि खुर्चीत पाठीला टेकायला ठेवले.

एक दिवस कादंबरीच्या लेखिका शूटिंग बघायला आल्या. करारावर सही झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. सोबत त्यांची धाकटी बहीण होती. ती माझ्या खुर्चीत बसली आणि मला सगळा उलगडा झाला. तिची पाठ डावीकडे थोडी जास्त उंच होती. कुर्ता अंगाबरोबर शिवलेला, लपवाछपवी नाही.

"शाळेत मला चेटकीण म्हणायचे," ती मावशींना हसत सांगत होती. "ताई म्हणाली, म्हणू देत. आणि तिनं माझ्या पाठीत वारे भरले."

मावशी खाली मान घालून सुया आवरत राहिल्या.

नटी आली. ताठ पाठ, कमरेपर्यंत केस. बहीण तिच्या मागच्या दाराकडे बघत राहिली, अजून कुणी येईल म्हणून.

"हीच आपली चेटकीण," साहेब म्हणाले. "पुस्तकातली ठेवली असती तर लोकांनी चॅनेल बदललं असतं हो. जेवताना असलं कुणाला बघवतं?" मग त्यांचं बहिणीकडे लक्ष गेलं आणि त्यांनी घाईघाईने चहा मागवला.

लेखिका गप्प राहिल्या. त्याचा मला अजून राग येतो.

"केस छान आहेत," बहीण म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, तुझी ओढणी दे ना. गार वाटतंय."

दिव्यांच्या उकाड्यात सगळ्यांना घाम फुटला होता. तिने ओढणी नीट उलगडली आणि पाठ झाकून घेतली.

मालिका जोरात चालली आहे. साहेबांची कंबर धरते, म्हणून हल्ली तेच मला टेकून बसतात. तुम्ही मालिका खुशाल बघा. फक्त त्या बाईचे केस उडायला लागले, की एवढं ध्यानात असू द्या: ते वारे तिचे नाहीत. एका मुलीच्या पाठीतून काढून नेलेत.