राणीच्या कथेची हुंकारी

कुरणगढच्या राणीला गेलं वर्षभर एक पाय तळ्यात नि एक पाय पायरीवर ठेवून उभं राहावं लागलं. तिला तसं ठेवलं राइस मिलवाल्या मुन्नालालने. रुख्माबाईचं तरी ठाम मत हेच होतं.

कुरणगढात पडका किल्ला आहे, तळं आहे आणि थंडीत भरणारा संगीत महोत्सव आहे. महोत्सव सुरू होतो तो रुख्माबाईच्या घराण्याने सांगितलेल्या राणीच्या कथेने. कथा सांगताना समोर एकाने हुंकारी द्यायची, म्हणजे प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायचं. ही गावाची कबुली. एकदा 'हूं' पडला की गोष्ट खरी, मग इतिहासाचे प्राध्यापक काही का म्हणेनात. हुंकारी मध्येच तोडणाऱ्याला राणी सोडत नाही, असंही गाव मानतं. हुंकारी देण्याचा मान महोत्सव समितीच्या अध्यक्षाचा, म्हणजे मुन्नालालचा.

गेल्या वर्षी कथेत फितुरीची बातमी ऐकून राणी जीव द्यायला तळ्यात उतरत होती, तेवढ्यात मुंबईची गायिका येऊन पोचली. मुन्नालालने 'हूं' म्हणत म्हणतच माईकवाल्याला खूण केली. रुख्माबाईचे नुसते ओठ हलत राहिले. लोक हसले. नंतर तो म्हणाला, हुंकारी मी कुठे तोडली, लाइट गेली. गायिकेच्या माईकची लाइट मात्र शाबूत होती.

रुख्माबाई भांडली नाही. तिने मोहफुलं वेचली, चिखलात रोपं लावत रोवणा केला, धान कापलं आणि कापता कापता दात आवळून कथा नव्याने रचली.

फक्त फितुराला नाव नव्हतं. ते मुन्नालालनेच पुरवलं. या वर्षी कमानीवर फलक झळकला: 'गढाच्या खजिनदारांचे वंशज मुन्नालाल आपले स्वागत करतात.' त्याचे आजोबा फुलचूरला गूळ विकायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण फलकाशी वाद कोण घालणार? रुख्माबाईने तो सुनेकडून, योगेश्वरीकडून, दोनदा वाचून घेतला. तिला फार बरं वाटलं.

यंदा तिने माईक घेतलाच नाही. लोक सरकून जवळ बसले, पुढे साहेब मंडळी, आणि तिच्यासमोर फेटा बांधलेला मुन्नालाल. शत्रूने गढाला वेढा घातला. हूं. गढ हटेना. हूं. मागच्या दाराची किल्ली एकाच माणसापाशी होती. हूं.

"तो होता राणीचा खजिनदार," रुख्माबाई शांतपणे म्हणाली.

मुन्नालाल 'हूं'च्या अलीकडेच अडकला.

"काऊन थांबले शेठ? राणी पाण्यापाशी उभी हाय."

मुन्नालालने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा तळ्याकडे. राणीवर त्याचा विश्वास नव्हता, पण मिलचा हंगाम तोंडावर होता.

"हूं," तो म्हणाला.

"त्यानं रातोरात दार उघडलं."

"हूं."

"त्याचा वंश अजून गावात हाय. फेटा बांधून फिरते."

हा 'हूं' फक्त पुढच्या रांगेला ऐकू गेला. तेवढा पुरला. मग रुख्माबाईने राणीला अखेर पाण्यात सोडलं, अगदी हळू, घाई न करता.

कथेनंतर मुन्नालाल मंडपामागे तिला गाठायला आला. "अम्मा, गलती हो गयी. पुढच्या साली खजिनदाराच्या जागी सेनापती टाका ना."

"आता कसं टाकू, बाबू?" रुख्माबाई पदर खोचत म्हणाली. "मी तं नुसती सांगून राहिली होती. खरं तं तूच केलं."