विरोधात एकही मत नाही

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. पूर्वी मी निळीशार होते. आता अर्धी निळी, अर्धी गंजाने तांबडी झाले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांनी वेढलेल्या एका गावात, चर्चच्या मागच्या गवतात मी उभी असते. माझ्या अंगावर 'तिर्झा कॉलेज' ही अक्षरे अजून वाचता येतात. कॉलेज मात्र आता राहिले नाही.

काळ्या मुलांना इतर कॉलेजांत पाऊलही ठेवू देत नव्हते, त्या काळी गुलामीतून सुटलेल्या माणसांनी आपल्या हातांनी विटा भाजून तिर्झा उभे केले. त्या मानाने मी अगदी कालची. माजी विद्यार्थ्यांनी रविवारमागून रविवार मासे तळून विकले आणि त्या पैशांतून मला घेतले. मी आवारात शिरले तेव्हा बँड वाजला होता. एका म्हातारीने माझ्या पुढच्या काचेवर हात ठेवून प्रार्थना केली होती. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

माझा चालक चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस होता, म्हणून सगळे त्याला डीकनच म्हणत. तो मला सावकाश चालवायचा. गायकवृंद घेऊन आम्ही गावोगाव जात असू. फुटबॉलचा संघ हरून परतताना माझ्यात पेंगत असे. दर ऑगस्टमध्ये घर सोडून आलेल्या नव्या मुलींना मीच स्थानकावरून आणत असे. डोळे पुसत चढलेल्या मुली कॉलेज येईपर्यंत एकमेकींच्या वेण्या घालायला लागलेल्या असत.

मग वाईट दिवस आले. मुलींच्या वसतिगृहाचे छत गळू लागले. प्रयोगशाळेत पाणी शिरले. मुले कमी झाली आणि कॉलेजच्या मान्यतेवर टांगती तलवार आली. मान्यता गेली की सरकारी शिष्यवृत्त्या बंद, आणि शिष्यवृत्त्यांशिवाय मुलांना तिर्झात शिकवू शकेल असे घर त्या भागात नव्हते.

कॉलेजच्या अध्यक्ष डॉ. वर्डेल प्रुइट याच कॉलेजात शिकलेल्या. त्या माझ्या पहिल्या बाकावर बसत. त्यांनी ठरवले की राज्याच्या राजधानीत जायचे आणि आमदारांची दारे ठोठावायची. सोबत विद्यार्थी असत. त्यांत परिचारिकेचे शिक्षण घेणारी केझाया सर्वांत बोलकी.

"डीकन, जरा वेग वाढवा की!" ती ओरडायची. "माझ्या लग्नाच्या आत पोचायचंय."

"आधी नवरा तर शोध, पोरी. मग वेग वाढवतो."

राजधानीत त्यांना दोन माणसे भेटली. प्रतिनिधी अर्नेस्टीन बोलिंग डेमोक्रॅट. ती वर्डेलबाईंची वसतिगृहातली मैत्रीण. सिनेटर रॉय टेलफेअर गोरा, रिपब्लिकन, कापसाचा मोठा शेतकरी. त्याच्या आईच्या शेवटच्या आजारपणात तिर्झात शिकलेल्या दोन नर्सनी तिची सेवा केली होती. ते तो विसरला नव्हता. गळके छत पाहायला दोघे एकदा माझ्यातूनच कॉलेजात आले.

"रॉय, तुझ्या पक्षानं माझ्या मतदारसंघाचे तुकडे केले," अर्नेस्टीन म्हणाली, "आणि तू खुशाल माझ्या शेजारी बसतोस?"

"शेजारी कुठं? मध्ये येण्याजाण्याची वाट आहे." त्याने उकडलेल्या शेंगांची पिशवी त्या वाटेवरून पुढे केली. "घे."

"मीठ कमी आहे."

"माझ्या प्रत्येक विधेयकाला तू हेच म्हणतेस!"

सगळी बस हसली. वर्डेलबाईही हसल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटले, आता तिर्झाला कसली भीती?

दोघांनी मिळून विधेयक आणले. काळ्यांच्या जुन्या कॉलेजांना दुरुस्तीसाठी राज्याने मदत द्यावी, एवढेच त्यात होते. पैसा वाया जाईल अशी शंका कोणाच्या मनात राहू नये म्हणून एक अट घातली होती, की कॉलेज मान्यताप्राप्त असावे. तेव्हा तिर्झाला मान्यता होती. त्या अटीकडे कोणी वळूनही पाहिले नाही.

पण त्या वर्षी दोन्ही पक्षांचे भांडण जुंपले, तेही मतदारसंघांच्या नकाशावरून. कॉलेजांविरुद्ध कोणी चकार शब्द काढला नव्हता. तरी त्या भांडणात सगळीच विधेयके अडकली आणि अधिवेशन संपले.

"पुढच्या वर्षी नक्की," टेलफेअर म्हणाला.

"छताला कुठं ठाऊक आहे पुढचं वर्ष?" वर्डेलबाई एवढेच बोलल्या.

ख्रिसमसच्या तोंडावर तिर्झाची मान्यता गेली.

मार्चमध्ये विधेयक पुन्हा आले. ती अट काढा, म्हणून सांगायला आम्ही राजधानी गाठली. दोघे आमदार माझ्यात चढले. या वेळी शेंगा नव्हत्या.

"ती ओळ काढली, तर आमच्याकडची निम्मी मतं जातील," टेलफेअर मान खाली घालून म्हणाला. "बंद पडणाऱ्या कॉलेजाला लोकांचा पैसा का, असं विचारतील."

"अर्नेस्टीन, तू बोल," वर्डेलबाई म्हणाल्या.

अर्नेस्टीनचे डोळे भरले. "आमच्यातलेही काही गळतील गं. बाकीच्या कॉलेजांचं काय करू? त्यांचंही घालवू?"

मग वर्डेलबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांना चालेल असं कॉलेज तुम्ही शोधलंत. ते आमचं नव्हतं."

विधेयक त्याच आठवड्यात मंजूर झाले. विरोधात एकही मत पडले नाही. सगळे आमदार उभे राहून टाळ्या वाजवत होते, असे मुलांनी माझ्यात परत चढल्यावर डीकनला सांगितले. प्रेक्षकांत बसलेल्या आमच्या मुलांकडे बोट दाखवून कोणीतरी त्यांचे आभारही मानले. परतीच्या वाटेवर माझ्यात कोणी गायले नाही. केझायाने डीकनला वेग वाढवायलाही सांगितले नाही.

मेमध्ये कॉलेज बंद झाले आणि मी उरलेल्या मुलांना दुसऱ्या कॉलेजांत पोचवून आले. केझायाला तिथे सांगण्यात आले की तिर्झातले तुझे बरेचसे विषय आम्ही धरणार नाही, पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागेल. ती पायरीवर बसली.

"पुन्हा पहिल्यापासून? डीकन, माझी आई कोंबड्या कापायच्या कारखान्यात हात सोलून घेते. तिला काय सांगू?"

डीकनने तिची बॅग परत आत ठेवली. घरी जाताना ती मागच्या बाकावर बसली होती. आता तीही त्याच कारखान्यात जाते.

मला लिलावातही कोणी घेतले नाही, म्हणून चर्चने इथे उभे केले. पुढे डीकनच्या गुडघ्यांनी दगा दिला. वर्डेलबाई एकदाच आल्या. पहिल्या बाकावरचा पालापाचोळा त्यांनी हाताने झाडला, थोडा वेळ बसल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर माझे दार नीट लागत नाही.

त्या कायद्याने इतर कॉलेजांची छपरे दुरुस्त झाली, असे ऐकते. मला आनंद व्हायला हवा. थोडा होतोही. पण पाऊस माझ्या छतातून आत येतो, तेव्हा तो आनंद टिकत नाही. टेलफेअर आणि अर्नेस्टीन वाईट नव्हते. खरे सांगायचे तर वाईट असे कोणीच नव्हते, आणि म्हणूनच मला रागही कोणावर काढता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी शाळा असेल. तिच्याविषयी सगळेच चांगले बोलत असतील. तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. छत गळतेय का, आत जाऊन पाहा. टाळ्या वाजण्याची वाट न पाहता आजच जा. उशिरा पोचलात, तर गाडी लावायला जागा भरपूर मिळेल, बाकी काही मिळणार नाही.