लावाशची उशी

मी उशी आहे खरी, पण माझ्यावर डोकं टेकून कुणी कधी झोपलेलं नाही. नार्गिझबाईनं गवत कोंबून, वर जाड कापड शिवून मला केलं ते लावाशसाठी. ही पातळ लाटलेली रोटी माझ्यावर ताणायची आणि जमिनीतल्या तंदूरच्या भिंतीवर मला दणकन आपटायचं. रोटी तिथं चिकटते, चटका मला बसतो. सवय झाली म्हणा.

तिच्या मुलाचं, गालुस्तचं लग्न झालं आणि मी त्याच्या बायकोच्या, वार्दुशच्या हाती आले. नव्या सुनेनं सासू-सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, तोंडावर रुमाल बांधून खुणेनं सांगायचं, ही आमच्याकडची रीत. दीड वर्ष उलटलं तरी नार्गिझबाई परवानगी देईना. "मी सात वर्षं गप्प होते," म्हणायची. मला तिचा रागच यायचा.

१९१८च्या मे महिन्यात तुर्की फौज सार्दारापातला, आमच्यापासून दोन तासांच्या वाटेवर येऊन ठेपली. गालुस्त बंदूक घेऊन लढायला गेला. चर्चच्या घंटा थांबेनात. सासरा साहाक यानं पळून जायला गाडी जुंपली.

"आटप गं," नार्गिझबाई सुनेला म्हणाली. "राहू दे ते पीठ."

वार्दुशनं तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"मी नाही येणार. जायचं कुठं? सगळीकडून तेच येतायत. तिकडं आपली माणसं उपाशी लढतायत. गाडी रोट्या न्यायला लागेल, मामंजी."

"बघा, वाचा फुटली महाराणीला!" नार्गिझबाई किंचाळली.

साहाकनं बैलांचा कासरा खाली ठेवला. मग त्यानं गाडीतल्या गाद्या खाली फेकल्या.

"लाटायला बस," तो बायकोला म्हणाला. "पोरगी बरोबर बोलतेय."

तंदूर दिवसचे दिवस विझला नाही. माझा एक कोपरा जळाला. साहाक रोट्या पोचवून यायचा आणि पुन्हा निघायचा. शेवटी फौज मागे हटली. हरलो असतो, तर आमचं नाव घ्यायलाही कुणी उरलं नसतं.

गालुस्त परत आला नाही. त्याच्यासोबत लढलेला शेजारचा तातुल तो गेल्याचा निरोप घेऊन आला. वार्दुश भिंतीला टेकून उभी राहिली. नार्गिझबाईनं एवढंच विचारलं, "जेवला होता का रे?"

"हो मावशी. रोट्या गरम होत्या. दोन खाल्ल्या, वर माझ्यातली अर्धी ओढून घेतली त्यानं."

तेव्हा ती सुनेच्या गळ्यात पडून रडली.

आज मी त्याच घरात खिळ्याला लटकतेय. निम्मं गवत गळून गेलंय. मला टाकून दिलंत तरी चालेल. पण घरातून निघालेल्या माणसाला उपाशी पाठवू नका.