आमच्याकडे कोण नाय

पोलीस दारात आला आणि आमच्या हिने, म्हणजे भाग्यलक्ष्मीने, स्वतःच्या सुनेला कोठीत ढकलून बाहेरून कडी घातली. मी तेव्हा पोदेराकडे पाव आणायला गेलो होतो. मी घरात असतो तर असं झालं नसतं, असं म्हणायला मला आवडेल. पण बायकोला अडवणं मला जन्मात जमलेलं नाही.

आमचं घर केरीला, समुद्राच्या अगदी जवळ. मागच्या दोन खोल्या आम्ही कैक वर्षं गोऱ्या लोकांना भाड्याने दिल्या. परदेशी माणूस घरात उतरला की पोलिसांना कळवायचं असतं. हिने ते कधी कळवलं नाही. ही कशाला, शेजारपाजारचा अख्खा वाडाच कळवत नव्हता. खाकी दिसली की गोरे मागच्या दाराने माडांत पसार आणि ही पुढच्या दारी तुळशीला पाणी घालत उभी. "आमच्याकडे कोण नाय." झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हेच म्हणाली असती.

त्यातल्याच एका खोलीत मार्ता आली, पोलंडची. आमचा गौरेश तिच्या मागे लागला की ती त्याच्या, यावर घरात अजून वाद आहे. पेडण्याला रजिस्ट्रारकडे लग्न झालं, मग देवळातही झालं, आणि खोल्या आम्ही बंद केल्या. तरी सरकारच्या लेखी ती पाहुणीच. म्हणून तिने इथे राहायच्या कार्डासाठी अर्ज केला. व्हिसा महिनाअखेरीला संपत होता. पोलीस घरी येऊन बघणार, लग्न खरं आहे की नुसतं कागदावरचं. रिपोर्ट चांगला गेला तर कार्ड, नाहीतर तिने पोलंडला परत जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. गौरेश मोपाच्या विमानतळावर ड्युटीला निघताना रोज बजावायचा, आई, पोलीस आला की खरं तेच सांग. ही रोज म्हणायची, मी काय कुकुलं बाळ आहे?

मी पाव घेऊन आलो तर अंगणात हवालदार उभे, काखेत फाईल. हिचा हात तुळशीकडे. मार्ता गौरेश परब कुठे राहते, असं त्यांनी विचारलं होतं म्हणे. पण खाकी दिसली तेव्हाच हिचं डोकं बंद पडलं होतं आणि जीभ सुरू झाली होती. आमच्याकडे फॉरेनर कोण नाही, खोल्या कधीच बंद केल्या, हवं तर बघा. शेजारची रूपाली कुंपणावरून मदतीला धावली. गणपतीपासून वाड्यावर गोरं माणूस दिसलेलं नाही, असं तिने देवाची शपथ घेऊन सांगितलं. मार्ता सकाळी तिच्याकडूनच नारळ घेऊन आली होती.

हवालदार सगळं लिहून घेत होते. एवढ्यात कोठीचं दार आतून धाडधाड वाजलं.

"मांजर," ही म्हणाली.

"आई, बांगडे करपले," मांजर आतून ओरडलं.

मी धावत जाऊन कडी काढली. मार्ता बाहेर आली, अंगात नायटी, हात हळदीने पिवळे, तोंड लालबुंद. हवालदार एकदा तिच्याकडे बघतात, एकदा कडीकडे. म्हणाले, घरमालकीण सांगते इथे कोण राहत नाही, आणि बाई कोंडलेली सापडते. ही तर दुसरीच केस झाली. मी मनात म्हटलं, गेली पोरगी. गौरेशला काय तोंड दाखवायचं?

पण मार्ताला कुठला हवालदार दिसतोय? ती थेट हिच्यावर घसरली, तीही आमच्याच भाषेत, कारण शिव्यांसकट सगळं हिच्याकडूनच शिकली आहे. गॅस चालू असताना कोंडतात का माणसाला? ही म्हणाली, मुळात बांगड्यांत तिरफळं ठेचून कोणी घालायला सांगितली होती? मार्ता म्हणाली, तुम्हीच. ही म्हणाली, मी अख्खी सांगितली होती. मग मार्ताने हिच्या प्रेशरच्या गोळीचा विषय काढला, गोळी टाळते आणि चोरून खारी सुकी मासळी खाते म्हणून. ते मलाही माहीत नव्हतं. हिने उलट न धुतलेल्या पातेल्यापासून सुरुवात केली. हवालदारांनी मध्ये दोनदा "बाई" म्हणून बघितलं. शेवटी ते सोप्यावर बसले आणि मी त्यांना पाणी दिलं.

दोघी दमल्या तेव्हा त्यांनी मार्ताला विचारलं, तू इथे राजीखुशीने राहतेस ना? मार्ता अजून धुमसत होती. म्हणाली, राजीखुशीनेच राहते म्हणून लिहा, पण आईने कडी घातली तेही लिहा.

मग ते हिच्याकडे वळले. आधी तुम्ही सांगितलंत कोण नाही. आता सांगा, ही तुमची कोण? मी काय लिहू?

हिने पदराने तोंड पुसलं आणि ही एकदम बोलायला लागली.

"माझी चूक झाली, सायबा. सवयीन बोललंय. पण आयका. दुसऱ्यांच्यो सुनो भांडल्यो की माहेराक जातत. हिचा माहेर विमानान जावचा. ही माझ्याशी भांडता आणि माझ्याच रांदपाच्या खोलीत येवन रुसान बसता. मी चाय दितंय, तेव्हा राग जाता. आता हिका थंय धाडलात, तर ही रुसान बसतली कोणाकडे? आणि मी चाय दिवची कोणाक?"

मार्ता हळदीचे हात तसेच धरून रडायला लागली. हवालदारांनी आधीचा कागद फाडला, नवा काढला आणि बराच वेळ खाली मान घालून लिहीत राहिले. मला रडू आवरेना, म्हणून मी आत जाऊन गॅस बंद केला.