सुवर्णाकाकूंची सही

सुवर्णाकाकूंच्या मते आम्ही त्यांच्या घरात फार सुखात आहोत. घर म्हणजे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटमधलं टाउनहाउस, मालक काकू आणि यतीनकाका, मूळचे पुण्याचे. खालच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं, किचन वर, दोन्ही कुटुंबांत मिळून एक. नागपूरहून येऊन आठ महिने झाले. तेवढ्यात मी जपानीच्या दोन लिप्या शिकले आणि तिसरीला हात घातला. काकूंना मात्र आमच्याबद्दल एकच गोष्ट शिकता आली. वास.

नियम असा की अंडं, मटण, मासे, 'तसलं' काहीही किचनमध्ये शिजणार नाही. त्यासाठी गॅरेजमध्ये एक इलेक्ट्रिक शेगडी ठेवलीय. माझी आई नागपूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. इथे ती रविवारी सकाळी स्वेटर घालून काकूंच्या गाडीच्या बंपरशेजारी आम्लेट उलटते. "गैरसमज नको हं," काकू म्हणतात, "आम्ही जातपात मानतच नाही. फक्त वास सहन होत नाही." आणि हे त्यांना कुणीही विचारलेलं नसतं. बाबा म्हणतात, "शाळा चांगली आहे, ऑफिस जवळ आहे, जाऊ दे नं बेटा." मी गेले आठ महिने जाऊ देत होते. आता पुरे.

झालं असं की आमच्या जपानीच्या वर्गाची जूनमध्ये ओसाकाला ट्रिप आहे. ज्याला जायचंय त्यानं आधी तिकडच्या एका मुलीला आठवडाभर आपल्या घरी ठेवायचं. फॉर्मवर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही हवी. आई, बाबा, काका, तिघांच्या झाल्या होत्या. शेवटची तारीख सोमवार. म्हणजे माझं ओसाका काकूंच्या पेनात अडकलेलं.

मी विचारलं तेव्हा त्या आधी 'नाही'च म्हणाल्या.

"पाहुणे वगैरे नको गं. कुठली मुलगी आहे?"

"जपानची."

"जपानी! अगं, मग आधी नाही का सांगायचं!" त्यांचा चेहरा असा उजळला की जणू मी इतके दिवस मुद्दाम लपवून ठेवलं होतं. "किती स्वच्छ लोक, किती शिस्त! आणि बौद्ध ना ते? म्हणजे शुद्ध शाकाहारी. आपल्यासारखेच."

"काकू, बौद्ध तर आम्ही पण आहोत."

"अगं, ते वेगळं."

आमच्या खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो शेजारी-शेजारी आहे, काकूंनी तो शंभर वेळा पाहिलाय. तरी ते वेगळं. कसं वेगळं, हे सांगायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. चांगली वळणदार सही ठोकली आणि लगेच मैत्रिणीला फोन लावला, "आमच्याकडे एक जपानी मुलगी येतेय!"

आमच्याकडे म्हणे.

रविवारी सकाळी त्या मुलीचं पत्र आमच्या जपानीच्या टीचरनी, ओकामोतो सेन्सेईंनी, ईमेलनं पाठवलं. नाव हारुका. पत्र अख्खं जपानीत, घरी वाचून दाखवणं हाच गृहपाठ. वर किचनमध्ये यतीनकाका टेबलाशी लॅपटॉप उघडून कुठल्याशा मीटिंगमध्ये म्यूटवर बसले होते. ते घरातही म्यूटवरच असतात. आई अंड्यांचं भांडं घेऊन गॅरेजकडे निघालेली.

"वाच, वाच," काकू म्हणाल्या.

वाचता वाचता मी थांबले. हारुका रोज सकाळी भाजलेला मासा खाते. आई माझ्याकडे बघत होती. हे वाक्य गाळलं असतं तर कुणाला कळणार होतं? घरात जपानी येणारी मी एकटी. पण काकूंसाठी खोटं बोलायचं? तेवढी त्यांची लायकी नव्हती. मी वाचलं.

काकूंनी आधी शेगडीवरच्या एक्झॉस्टकडे पाहिलं. मग हसल्या. "असू दे. पाहुणी आहे, तिला सवय आहे. मी स्वतः भाजून देईन. एक्झॉस्ट लावला की झालं."

"इथे? किचनमध्ये?"

"मग काय तिला गॅरेजमध्ये जेवायला घालू? काय म्हणेल ती? वर आमच्यासोबत जेवेल. तुमचं तुम्ही खाली करा नेहमीसारखं."

माझे कान तापले. मी फॉर्म उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

"हारुका माझी पाहुणी आहे. माझ्यासोबत जेवेल. तिचा मासा जिथे भाजणार, तिथेच आमचं आम्लेट होणार. चालत नसेल तर सही खोडा."

"उपासना!" आई म्हणाली.

"अगं, केवढी जीभ चालते हिची! खोडते, बघ." काकूंनी खरंच पेन उचललं. ओसाका गेलं.

"खोडल्यावर शेजारच्या चौकटीत कारण लिहायचं असतं," मी म्हटलं. "मराठीत लिहा. ओकामोतो सेन्सेईंना मी जपानीत करून देईन. आणि वास लिहू नका, मासा आत्ताच पास केलाय तुम्ही."

पेन चौकटीवर थांबलं. बोलायला काकू कधी अडत नाहीत, अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला माहीत आहे. पण त्या चार इंचांच्या चौकटीत काय लिहावं, हे त्यांना सुचेना. कारण तर होतंच. ते मला माहीत होतं, आईला माहीत होतं आणि त्यांना सगळ्यांत चांगलं माहीत होतं.

काका पहिल्यांदाच अनम्यूट झाले. "सुवर्णा, सोड ना यार."

"मी कुठे काय म्हटलंय?" काकूंनी पेन आपटलं. "तुम्ही लोक ना, प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेता."

तुम्ही लोक. तरीही चौकट कोरीच राहिली. मी फॉर्म घडी न घालता दप्तरात ठेवला.

आई अजून दारातच होती. मला वाटलं, आता ही माझ्या वतीनं माफी मागणार. ती परत आत आली, ओट्यावर अंडी ठेवली आणि एक्झॉस्टचं बटण दाबलं.

"सुवर्णाताई, तवा कोणता घेऊ?"

"घ्या कुठलाही," काकू फोनमध्ये बघत म्हणाल्या.

आईनं मोठा घेतला.